मुलाची ‘इंटरनॅशनल युथ चॅम्पियनशिप’साठी निवड झालीय. पावणेतीन लाख भरू का?

सिंहगडरोडकर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी क्रिकेटवाला माणूस. फुटबॉलमधला ऑफसाइड कळतो, तोही रिप्ले दाखवला तर. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय.

मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. घराजवळच्या एका अकादमीत लहानपणापासून जातो. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, खेळतो, डावखुरा आहे म्हणून कोच खूश असतात. मागच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला: ‘हार्दिक अभिनंदन! आपल्या पाल्याची युरोपमधील इंटरनॅशनल युथ फुटबॉल चॅम्पियनशिपसाठी निवड झाली आहे. भारताचे प्रतिनिधित्व करण्याची सुवर्णसंधी!!’ खाली तिरंगा, ट्रॉफी, जोडलेले हात. त्याखाली पीडीएफ. पीडीएफमध्ये माणशी पावणेतीन लाख, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता पंधरा तारखेच्या आत, परत मिळणार नाही. जर्सीचा फोटोही आहे. निळी, छातीवर ‘इंडिया’, पाठीवर मुलाचं आडनाव.

आमच्या वडिलांनी सोसायटीत पेढे वाटून टाकलेत. त्यामुळे आता मागे फिरणं अवघड.

डोक्यात दोन किडे वळवळतायत. बॅचमध्ये चोवीस मुलं आणि निवड झाली बावीस जणांची, हे कसं? आणि याचे दहावीला ग्रेस मार्क मिळतात का? कुणी गेलंय का अशा स्पर्धेला? प्रामाणिक मत हवंय, टोमणे नकोत (पुण्यात राहून ही अपेक्षा जरा जास्तच आहे, कल्पना आहे).

पिवळं_कार्ड | १०:२०

चोविसातले बावीस? उरलेल्या दोघांना पास देता येत नव्हता की पासपोर्ट नव्हता?

सिंहगडरोडकर | १०:२६

हसू नका, एकाचा पासपोर्ट खरंच नाहीये. दुसऱ्याचे बाबा सीए आहेत.

पिवळं_कार्ड | १०:२७

सीए साहेबांना माझा दंडवत सांगा.

लाइन्समन | ११:०५

सिंहगडरोडकर, मी पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये बरीच वर्षं खेळलो, आता रविवारी झेंडा घेऊन टचलाइनवर पळतो. असे मेसेज दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पालक मला दाखवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देशाचं प्रतिनिधित्व कसं होतं ते आधी बघा. फिफाचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप घ्या. १९८५ ला चीनमध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादा १६ वर्षांची होती, १९९१ पासून १७ झाली. तिथे अकादमी जात नाही, देश जातो. आशियातल्या संघाला आधी पात्रता फेरी, मग एएफसीची (आशियाई फुटबॉल महासंघाची) आशियाई स्पर्धा, तिथे वर आलात तर वर्ल्ड कप. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या पोरांनी अहमदाबादला इराणला २-१ हरवलं, तेव्हा कुठे त्यांना आशियाई स्पर्धेचं तिकीट मिळालं. त्याच्याही आधी, २०१८ ला, कोच बिबियानो फर्नांडिसची १६ वर्षांखालची पोरं मलेशियात आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून ०-१ हरली. ती एक मॅच जिंकली असती तर आपण यजमान नसताना वर्ल्ड कपला गेलो असतो. संघ निवडतं ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. शिबिर, विमान, राहणं, जेवण त्यांच्याकडे. निवड झालेल्या पोराच्या बापाला हप्त्यांची पीडीएफ येत नाही.

आता तुमच्या मेसेजमधली स्पर्धा. युरोपात उन्हाळ्यात खुल्या प्रवेशाच्या मोठ्या युथ स्पर्धा भरतात. स्वीडनमध्ये गोटेबर्गचा गोथिया कप १९७५ पासून, ऑस्लोचा नॉर्वे कप १९७२ पासून, डेन्मार्कमध्ये डाना कप. गोथियाला सोळाशेच्या वर संघ असतात, ऐंशीच्या आसपास देशांतून. क्लबनं फॉर्म भरायचा, फी भरायची, वयोगट निवडायचा, झालं. या स्पर्धा बोगस नाहीत, उलट फार नीट चालवलेल्या आहेत. पण तिकडच्या संयोजकांनी कधीही म्हटलेलं नाही की तुम्ही तुमच्या देशाचा संघ म्हणून येताय. ती भर इकडे पडते. तिरंगा आणि ‘सुवर्णसंधी’ पुण्यात टाइप झालेली आहे.

ग्रेस मार्कांचं म्हणाल, तर ते शालेय क्रीडा स्पर्धा आणि मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांतून मिळतात. शाळेकडून प्रस्ताव जातो, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचा शिक्का लागतो. परदेशी कपाचं सर्टिफिकेट फ्रेम करून दिवाणखान्यात लावा, छान दिसतं.

अर्धा_कटिंग | ११:११

+१. आमच्या सोसायटीत तीन ‘इंडिया प्लेअर’ आहेत. एकाला अजून डाव्या पायानं चेंडू थांबवता येत नाही.

किक_ऑफ_२४ | ११:३८

असल्या निगेटिव्ह लोकांमुळेच भारत फुटबॉलमध्ये मागे आहे. एक्स्पोजर नावाची गोष्ट असते. युरोपियन मुलांशी खेळल्याशिवाय लेव्हल कळत नाही. मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीनं २०२३ ला गोथिया कप जिंकला. २०२५ ला गोथिया, डाना आणि नॉर्वे कप तिन्ही जिंकले. तिथल्या मुलांच्या पालकांनीही असाच विचार केला असता तर? अधिक माहितीसाठी संपर्क करा: [फोन नंबर काढून टाकला आहे. संपादक]

पिवळं_कार्ड | ११:४१

आयडी आज रात्री १०:५० ला उघडलाय. एक्स्पोजर झालं म्हणायचं.

लाइन्समन | ११:५६

मिनर्व्हाचं बोललात ते खरं आहे, आणि कौतुकाचंच आहे. पण ती निवासी अकादमी आहे. देशभरातून पोरं उचलतात, ती वर्षभर एकत्र राहतात, एकत्र खेळतात, मग जातात. त्याआधी २०१३ ला झारखंडच्या ‘युवा’ नावाच्या संस्थेच्या मुली स्पेनला गेल्या होत्या, गास्तेइझ कपमध्ये तिसऱ्या आल्या. त्यांचाही सराव रोजचा होता. विमानात बसण्याआधी टीम तयार असेल तर अशा स्पर्धेचा उपयोग प्रचंड आहे. सिंहगडरोडकरांच्या बावीस पोरांनी या वर्षात अकरा विरुद्ध अकरा, पूर्ण ग्राउंडवर, रेफरी असलेल्या किती मॅच खेळल्या? ते विचारा अकादमीला. बहुतेक पोरं टर्फवर पाच-पाच खेळतात आणि थेट मोठ्या मैदानावर उतरतात. लेफ्ट बॅकला तर ऑफसाइडची लाइन धरायचं ठाऊकच नसतं, कारण टर्फवर ऑफसाइड नसतोच.

सिंहगडरोडकर | मंगळवार, सकाळी ७:५०

लाइन्समन, मुलाला विचारलं. म्हणाला, “बाबा, मोठ्या ग्राउंडवर दोनदा, एकदा पावसामुळे हाफ टाइमला थांबली.” बाकी सगळं टर्फ. आणि हो, ऑफसाइड त्यालाही माझ्याएवढाच कळतो.

मृण्मयी_औंध | सकाळी ९:३०

आमची लेक गोथियाला जाऊन आलीय, तेव्हा चौदाची होती. म्हणून दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर सगळेच म्हणतील की पैसे पाण्यात.

आमच्या क्लबनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही सहल आहे, निवड-बिवड काही नाही, ज्यांना जमेल त्यांनी या. त्यामुळे डोक्यात काही खूळ नव्हतं. राहायची सोय एका शाळेत. वर्गातले बाक भिंतीला लावलेले, जमिनीवर गाद्या, एका वर्गात पूर्ण टीम. शेजारच्या वर्गात ब्राझीलच्या मुली रात्री ढोल बडवायच्या. आमच्या पोरींनी पिशवीभर मेतकूट नेलं होतं, ते तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलं आणि बदल्यात चॉकलेटं आली. रात्री दहाला लख्ख उजेड, पोरी झोपायलाच तयार नाहीत. उलेव्ही स्टेडियममधल्या उद्घाटनाला आपल्या पाटीमागे चालताना लेकीच्या अंगावर काटा आला म्हणे. आम्हाला फोटो बघूनच आला.

मैदानावर मात्र पहिल्या मॅचला ०-७. समोर कुठल्यातरी स्वीडिश गावाची टीम होती. नावही धड उच्चारता येत नव्हतं. लेक सांगत होती, “आई, त्या आपल्यापेक्षा फास्ट नव्हत्या गं. पण चेंडू यायच्या आधीच त्या मान वळवून बघून घेत होत्या की कुणाला द्यायचाय.” त्यांच्या कोचशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्या सगळ्या एकाच क्लबात लहानपणापासून दर शनिवारी लीग खेळतात. दर शनिवारी. रेफरी पण जेमतेम सोळाची एक मुलगी, पण काय कडक!

गटातल्या तीन मॅच झाल्या की गोथियात सगळ्यांनाच पुढची फेरी मिळते. वरच्या दोन संघांना ‘ए’ प्लेऑफ, खालच्यांना ‘बी’. आम्ही ‘बी’ला पहिल्याच मॅचला बाहेर. म्हणजे एकूण चार मॅच. बाकीचे दिवस भटकंती.

लेक आजही त्या ट्रिपबद्दल बोलते, त्यामुळे मला पैसे गेल्याचं दुःख नाही. पण त्या पैशानं तिचा फुटबॉल सुधारला का? आल्यावर इथे पुन्हा टर्फच होता.

पिवळं_कार्ड | सकाळी ९:४४

चार मॅचना २,७५,०००. मॅचला ६८,७५०. बावीस पोरांची एकच टीम असेल तर अर्धी बेंचवर, म्हणजे बेंचचं भाडं आलं. सिंहगडरोडकर, टीम किती आणि प्रत्येकाला खेळायला किती मिनिटं, हे लेखी मागा.

रंकाळा | सकाळी १०:१५

पुणेकर भाऊ, जरा कोल्हापूरकडं बी बघा की. २०१७ ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा पोरगा, तयार झाला तुमच्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत. सरकारी निवासी प्रबोधिनी. ट्रायल दिली, घेतला, खेळवला. कुणी पीडीएफ पाठवली न्हाई.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीमची मॅच असली की पेठांमध्ये दुकानं लवकर बंद होत्यात. गॅलरीत आज्जीबी असतीया आणि तिला लेफ्ट बॅक कुठं चुकला ते कळतंय. पोरगं बारा-तेराचं असल्यापासून असल्या गर्दीपुढं खेळतंय, शिव्या खातंय, शिकतंय. ते खरं एक्स्पोजर. पावणेतीन लाखात आमच्याकडं एक आख्खी टीम वर्षभर बूट घालंल आणि वर तांबडा-पांढरा जेवंल.

अर्धा_कटिंग | सकाळी १०:२१

रंकाळा, शेवटच्या वाक्यानं भूक लागली. ऑफिसात बसलोय हो.

नेरूळ_फास्ट | दुपारी १:०५

२०१७ चा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. मी मूळचा पुण्याचा. २५ ऑक्टोबरला स्पेन-मालीची सेमीफायनल बघायला डी. वाय. पाटीलला होतो. स्पेननं ३-१ जिंकली. आबेल रुइझचे दोन आणि एक फेरान टोरेसचा. हाच तो, पुढे मॅंचेस्टर सिटी, बार्सिलोना वगैरे. पण मला आठवतोय तो मालीच्या डुकुरेचा फटका. लांबून मारला, आडव्या दांड्याला खालून लागला आणि चेंडू रेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला. आमच्या स्टँडमधल्या सगळ्यांना दिसलं. रेफरीला नाही दिसलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा रडायलाच लागला, आणि तो मालीचा नव्हता, पनवेलचा होता.

भारताची मॅच दिल्लीत. अमेरिकेकडून ०-३, घानाकडून ०-४. पण कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेडर मारला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. टीव्हीसमोर आम्ही उड्या मारतोय तोवर पुढच्याच मिनिटाला पेनालोसानं गोल केला, १-२. उड्या हवेतच राहिल्या.

त्या स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षक आले. १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये तोवर कुठेच एवढे आले नव्हते. फायनलला कोलकात्यात इंग्लंडनं ०-२ वरून स्पेनला ५-२ हरवलं, फोडेनचे दोन. ब्रूस्टरचे स्पर्धेत आठ. मला तेव्हा वाटलं होतं की आता आपल्याकडे चित्र बदलणार.

लाइन्समन | दुपारी २:३०

डुकुरेच्या गोलवर माझा झेंडा असता तर मी मध्याकडे पळालो असतो, म्हणजे गोल दिला असता. पण बोलणं सोपं आहे, गोललाइनपासून वीस यार्डांवर ऑफसाइडची लाइन धरून उभं राहा आणि मग सांगा.

२०१७ च्या संघाचं एक सांगतो, कारण सिंहगडरोडकरांना त्यातून निवड म्हणजे काय ते कळेल. यजमानपद डिसेंबर २०१३ ला मिळालं. आधी जर्मन कोच निकोलाय अ‍ॅडम, नंतर पोर्तुगीज लुईस नॉर्टन डी माटोस. देशभर पोरं बघितली, गोव्याला ठेवली, परदेश दौरे केले. शेवटी एकवीस जण उरले. एकवीसपैकी आठ मणिपूरचे, कप्तान अमरजितसकट. म्हणजे एवढ्या मोठ्या महाराष्ट्रातून बोटावर मोजण्याइतके आणि एकट्या मणिपूरमधून आठ. तिकडे गावागावात पोरं रोज खेळतात. युरोप दौऱ्यांच्या पॅकेजांनी हा फरक भरून निघणार नाही.

शाळामास्तर | दुपारी ३:१०

चित्र बदलण्याबद्दल. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यात ‘मिशन वन मिलियन’ झालं. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत फुटबॉल पोचले. मी तेव्हा एका शाळेत होतो, नाव सांगत नाही. आमच्या पटांगणात पोरांनी दिवसभर इतका धुडगूस घातला की मुख्याध्यापकांनी खिडक्यांच्या काचा मोजल्या. दुसऱ्या दिवशी चेंडू स्टॉक रजिस्टरला चढले आणि कपाटात गेले. ‘खराब झाले तर हिशोब कोण देणार?’ हवा आपोआप गेली.

मी संध्याकाळी एक चेंडू काढून द्यायचो. त्या चेंडूवर आमची टीम सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत उतरली. सिंहगडरोडकर, तुमच्या मुलाच्या शाळेची टीम आहे का? सुब्रतो १९६० पासून चालू आहे, शाळांचीच स्पर्धा. जिल्हा, विभाग, राज्य करत दिल्लीला जाते आणि तिथे परदेशी शाळांचेही संघ असतात. इंटरनॅशनलच हवं असेल तर तोही रस्ता आहे. तिकिटाला एसटीचे पैसे पुरतात, निदान सुरुवातीला.

बालेवाडी_गेट_३ | संध्याकाळी ५:२०

आणि पुण्याला इंटरनॅशनल फुटबॉल मिळाला तरी कसा मिळतो बघा. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई कपच्या मॅच बालेवाडीत. कोरियाची जी सो-युन ऑस्ट्रेलियाला ८७ व्या मिनिटाला घरी पाठवते, चीन-जपान सेमीफायनल पेनल्टीवर जाते, असलं नाट्य आपल्या हायवेला लागून. आणि कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी! मी सर्व्हिस रोडला गाडी लावून फ्लडलाइट बघत होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात, पण मैदानं भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई. पुणे नाही.

क्लबांचं तर विचारूच नका. पुणे एफसी गेली, शिवाजियन्स गेली, एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला मिळाली. तेरा वर्षांच्या पोराला शनिवारी बापाबरोबर जाऊन बघायला शहरात मोठी टीमच नाही. मग पीडीएफवालेच दिसणार.

मृण्मयी_औंध | संध्याकाळी ५:४१

त्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल आम्ही नेरूळला पाहिली. स्पेन १, कोलंबिया ०, तोही स्वयंगोल ८२ व्या मिनिटाला. भारताच्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या होत्या. आमच्या लेकीनं स्कोअर बघून एवढंच विचारलं, “यांना तरी दर शनिवारी लीग होती का?” मी काय उत्तर देणार!

अस्थिपंजर | रात्री ९:१५

डॉक्टर आहे, हाडांचा. या धाग्यावर वयाचं कुणीच बोललं नाही म्हणून डोकावतो.

खऱ्या युथ स्पर्धेची एक खूण म्हणजे तिथे वय तपासलं जातं, आणि कागदावरचं नाही, हाडावरचं. २००९ च्या नायजेरियातल्या स्पर्धेपासून फिफा १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला मुलांच्या मनगटाचा एमआरआय करते. पुढच्या हातात अंगठ्याच्या बाजूचं जे हाड असतं, रेडियस, त्याच्या मनगटाकडच्या टोकाला वाढीची चकती असते. पोर वाढत असतं तोवर ती फिल्मवर वेगळी रेघ म्हणून दिसते. वाढ पूर्ण होत आली की ती हाडाला मिळून जाते. सतराच्या आत ती पूर्ण मिळालेली सहसा सापडत नाही. म्हणून पूर्ण मिळालेली दिसली की पोरगा बाद, जन्मदाखला काहीही म्हणो. त्या वर्षी यजमान नायजेरियालाच आपल्या संघातली बरीच पोरं वगळावी लागली. एमआरआय का, तर निरोगी पोरांना उगाच क्ष-किरण देऊ नयेत म्हणून. आपल्याकडच्या युवा स्पर्धांत मात्र डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं वय काढतात.

आता गंमत. माझ्याकडे ‘सर, चौदाचं सर्टिफिकेट पाहिजे’ म्हणत दाढी फुटलेले उमेदवार येतात. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला. त्यातले बरेच बिचारे निर्दोष असतात. पण त्याच तारखेच्या आडून दोन-दोन वर्षं खाणारेही असतात. यात मार खातो तो खरा तेराचा, बारीक चणीचा पोरगा. समोर सोळाचा धिप्पाड आला की हा बेंचवर जातो आणि वर्षभरात खेळच सोडतो.

आणि फसवणूक नसली तरी १ जानेवारीची कट-ऑफ असली की जानेवारीतला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असतो. जगभरच्या युथ संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांतली पोरं जास्त दिसतात ती त्यामुळे. सिंहगडरोडकर, चिरंजीवांचा महिना कुठला?

सिंहगडरोडकर | रात्री ९:३२

नोव्हेंबर. आणि चण आईवर गेलीय, बारीक.

अस्थिपंजर | रात्री ९:३६

मग कुणी त्याला आता ‘निवडलं’ किंवा ‘वगळलं’ तरी दोन्ही मनावर घेऊ नका. अजून उंची येऊ दे.

किक_ऑफ_२४ | रात्री ९:५८

इथे सगळे अकादमीला चोर ठरवायला बसलेत. ग्राउंडचं भाडं, कोचचा पगार, लाइट बिल कोण भरतं? टूरमधून दोन पैसे सुटतात त्यावर वर्षभर अकादमी चालते. हे कुणी बोलणार नाही.

लाइन्समन | रात्री १०:२०

हे पहिलं खरं बोललात, आणि यात मी तुमच्या बाजूचा आहे. पुण्यात ग्राउंड मिळवणं हा छळ आहे. एसएसपीएमएसला, कॅम्पात धोबीघाटाला लीगच्या मॅच रांगेत उभ्या असतात. एका ग्राउंडवर सकाळपासून पाच-पाच मॅच, शेवटच्या मॅचला पेनल्टी बॉक्समध्ये गवत नाही, धूळ. कोचला महिन्याला काय मिळतं ते सांगायची लाज वाटते. मग ट्रिप काढा, पण तिला ट्रिप म्हणा. मृण्मयीताईंच्या क्लबनं म्हटलं तसं. तेरा वर्षांच्या पोराला ‘तू इंडिया खेळलास’ सांगून पाठवायचं, आणि तो पंधराव्या वर्षी खऱ्या ट्रायलला गेला की तिथे त्याचं सीआरएसमध्ये (फेडरेशनच्या ऑनलाइन खेळाडू-नोंदणीत) रजिस्ट्रेशनसुद्धा नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोरगा निळी जर्सी घालून आला होता. रांगेतली बाकीची पोरं हसली. तो पुन्हा दिसला नाही.

किक_ऑफ_२४ | रात्री १०:२९

रजिस्ट्रेशन आम्ही करतो सगळ्यांचं.

पिवळं_कार्ड | रात्री १०:३०

‘आम्ही’?

संपादक | रात्री १०:४५

व्यक्तिगत होऊ नका. अकादम्यांची नावं आणि नंबर देऊ नका. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

सिंहगडरोडकर | शुक्रवार, रात्री ८:४०

मंडळी, अपडेट. काल अकादमीत जाऊन बसलो. तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं.

टीम एकच, पोरं बावीस. खेळायला किती मिनिटं ते ‘कोचच्या डिस्क्रीशनवर’. जिल्हा किंवा राज्य संघटनेचं परवानगी पत्र? ‘प्रोसेसमध्ये आहे.’ कोचचं लायसन्स कुठलं? ग्रासरूट्सचा (लहान मुलांना शिकवायचा) कोर्स झालाय, त्याच्या पुढच्या डी लायसन्सला बसणार आहेत. फेडरेशनच्या मान्यताप्राप्त अकादम्यांच्या यादीत आपण आहोत का? यावर चहा आला. सीआरएस नंबर मागितला तर मॅनेजरनं लॅपटॉपवर शोधलं आणि माझ्या मुलाचा सापडला नाही, बावीसपैकी सहा जणांचे सापडले. ‘इंडिया’ जर्सीबद्दल विचारलं तर म्हणे, सर, आपण इंडियातूनच जातोय ना?

माणसं वाईट नाहीत. कोच तर मनापासून शिकवतो, आमच्या मुलाला त्यानंच उभं केलंय. पण मी पैसे भरत नाहीये. घरी सांगितलं. बायको म्हणाली, ठीक. वडील कालपासून बोलत नाहीयेत. मुलगा रात्री जेवला नाही. सकाळी मात्र आपण होऊन विचारलं, “मग मला मोठ्या ग्राउंडवर मॅच कुठे मिळतील?” याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून परत इथे.

शाळामास्तर | रात्री ८:५५

शाळेच्या क्रीडाशिक्षकांना सोमवारीच भेटा. टीम नसेल तर अकरा पोरांची सह्यांसकट यादी घेऊन जा. यादी समोर आली की नाही म्हणणं त्यांना जड जातं.

रंकाळा | रात्री ९:०२

सुट्टीत कोल्हापूरला पाठवा. राहायला घर माझं. ग्राउंड शाहू महाराजांचं.

लाइन्समन | रात्री ९:१८

जिल्हा लीगमधल्या एका जुन्या क्लबची पंधराखालची टीम आहे. गरीब क्लब आहे, चेंडूसुद्धा वर्गणीतून येतात, पण वर्षभर मॅच असतात आणि पहिल्याच आठवड्यात सीआरएस करून घेतात. त्यांचा लेफ्ट बॅक दहावीच्या क्लासमुळे थांबलाय. डावखुरा म्हटल्यावर त्यांचा कोच माझ्या मागे लागलाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. रविवारी सकाळी साडेसातला फ्रेंडली आहे, अकरा-अकरा, पूर्ण ग्राउंड. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि दोन फोटो आणा.

सिंहगडरोडकर | रात्री ९:२५

व्यनि मिळाला. येतो. बूट टर्फचेच आहेत, चालतील का?

लाइन्समन | रात्री ९:३१

नाही, घसरेल. सकाळी दव असतं. मोल्डेड स्टडचे घ्या, मेटलचे नकोत. नेहरू स्टेडियमच्या भोवती दुकानं आहेत, उद्या शनिवार आहे, पोराला घेऊनच जा. फुटबॉलचे जाड मोजे घालून मापाचे घ्या, ‘वाढत्या पायाचे’ म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. आणि शिनगार्ड. रेफरी मीच आहे, शिनगार्ड नसेल तर आत सोडत नाही.

पिवळं_कार्ड | रात्री ९:३४

मॅचला ६८,७५० वाचले. शिनगार्ड चांगले घ्या.